हिची पाळी मला द्या

४ जून

आज लेकीच्या क्वार्टरमध्ये राहायला आले. देवाच्या कृपेनं सामान नीट पोचलं, काचेची बरणीसुद्धा फुटली नाही. एक खोली, स्वयंपाकघर, मागच्या अंगाला मोरी. खिडकी चांगली मोठी. समोरच कंपनीच्या लांबलचक शेड, त्यांत हजारो कोंबड्या आणि दिवे अष्टौप्रहर चालू. उजेड असला की कोंबडी अंडी देत राहते, म्हणून मालक अंधार पडूच देत नाहीत, असं लेकीनं सांगितलं. तिचं काम अंडी गोळा करून ट्रेमध्ये भरायचं, कायम रात्रपाळीला. मला तर बरंच वाटलं. त्या उजेडात खोलीतला दिवा न लावता भाजी निवडता येते, तेवढंच बिल वाचलं. लेक हसली. म्हणाली, आई, तू स्वर्गात गेलीस तरी आधी मीटर बघशील.

७ जून

पोरीचं काहीतरी बिनसलंय. खाणं चिमणीएवढं आणि वजन वाढतंय. हनुवटीवर राठ केस येतात, ते आरशासमोर चिमट्यानं उपटत बसते. न राहवून विचारलं, पाळी चुकली का गं? तर म्हणते, छे, एकही नाही चुकवली, बोनस कापतात. मी विचारत होते महिन्याची, ती सांगत होती कंपनीची. दोघी पोट धरून हसलो. मग तिनं हसू आवरून सांगितलं. महिन्याची पाळी थंडीपासून आलेलीच नाही.

१० जून

डॉक्टरीणबाईंकडे नेलं. सोनोग्राफीत अंडाशयावर बारीक बारीक फुगे दिसले, मण्यांच्या माळेसारखे. आजाराचं नाव पीसीओएस. बाईंनी मला समजेल असं सांगितलं. शरीराचं आपलं एक घड्याळ असतं, ते उजेड-अंधारावर चालतं. अंधार पडला की झोपेचं हार्मोन पाझरतं, त्याच्या तालावर बाकीची हार्मोन चालतात. रोज रात्री उजेडात जागलं की ताल बिघडतो, इन्सुलिन वाढतं, त्यामागून पुरुषी हार्मोन वाढतं, आणि अंडं पुरतं पिकत नाही, तिथंच अडकून राहतं. नुसत्या जागरणानं हा आजार होतो असं नाही, पण असलेला बळावतो, असंही म्हणाल्या. गोळ्या दिल्या. रात्रपाळी सोडा, अंधारात झोपा, म्हणाल्या. वाटेत लेक म्हणाली, गंमत बघ, ज्या उजेडानं तिथली अंडी निघतात त्यानंच माझी अडलीत.

मला गंमत वाटली नाही.

१२ जून

जुनी जाड चादर दुहेरी शिवून खिडकीला लावली. लगेच शेडवरच्या मुकादमबाई आल्या. वय साठीच्या घरातलं, केस काळेभोर. लेकीला झोपवायचं तर बदली माणूस द्या, नाहीतर क्वार्टर सोडा, म्हणाल्या. वर हसून तिला खुडूक म्हणाल्या. अंडी द्यायचं थांबून नुसती बसून राहते ती खुडूक कोंबडी. तशा आणखी दोघी झाल्या म्हणे इथं. कुठं गेल्या त्या, मी विचारलं. कुठं जातील, बसल्यात आत, म्हणाल्या.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, हिची पाळी मला द्या.

त्यांनी नीट माझ्याकडं बघत विचारलं, हिची पाळी तुम्ही घेता? पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. मी तिन्ही वेळा हो म्हटलं.

१५ जून

काम अवघड नाही. पण कोंबड्या ओरडत नाहीत. एवढ्या हजारो, आणि आवाज नाही. मी पुढं सरकले की सगळ्यांच्या माना सरकतात. घरी येऊन देवापुढं दिवा लावला तर ज्योत दिसेचना. डोळ्यांत भरलेल्या शेडच्या उजेडात दिव्याचा उजेड बुडाला. लेक मात्र चादरीआड गाढ झोपते. माझी चादर, माझी शिवण. समाधान आहे.

१९ जून

लेकीला पाळी आली. डॉक्टरीणबाई तर म्हणाल्या होत्या, वेळ लागेल, धीर धरा. देवाला हात जोडले. तेवढ्यात माझ्याच ओटीपोटात कळ आली. माझं ते सगळं थांबून वर्षं झालीत. लेकीला सांगितलं नाही.

बहुतेक २४

झोप नाही. डोळे मिटले तरी उजेड आतच. माझ्या हनुवटीला केस आलेत. जप करताना देवाचं नाव मध्येच तुटतं.

शेवटच्या शेडला कुलूप असतं. आज नव्हतं. आत दोघी बसलेल्या, भुशावर, पाय पोटाखाली दुमडून. अंगात कंपनीचे निळे झगे. पापणी लवत नव्हती. मुकादमबाई मागून म्हणाल्या, सांगितलं होतं ना, आत बसल्यात.

तारीख कळत नाही

पोटात घट्ट. गोल. गरम.

लेक म्हणाली, आई, तू दमलीस, उद्यापासून माझी पाळी मी परत — नको म्हटलं. ओरडलेच तिच्यावर. तिला तिच्या मावशीकडं धाडलं. मावशी आजारी आहे असं खोटं सांगितलं. देवा, एवढं पदरात घे. चादर घडी करून तिच्या पिशवीत दिली. तिथं तरी अंधार —

उजेड

मुकादमबाईंनी जागा दाखवली. दोघींच्या शेजारी. पाय आपोआप दुमडले. पलीकडं आणखी एक जागा झाडून ठेवलीय. कुणाची, विचारलं. म्हणाल्या, आईला न्यायला लेक येतेच की.

वही झग्यात लपवलीय. बाळ, ही सापडली तर आत येऊ नकोस. मला शोधू —

कोंबड्या ओरडायला लागल्या. पहिल्यांदाच. सगळ्या एकदम.

दारात ती. हातात चादर — मावशी धडधाकट बघून उलट पावली परत —

मुकादमबाईंना म्हणतेय, आईची पाळी मला द्या —

हाक मारतेय तिला, तोंडातून शब्द नाही, नुसता घशातला —

बाई विचारताहेत. तिनं हो म्हटलं. पुन्हा विचारलं. पुन्हा हो. आता तिस