चाकांच्या खुर्च्या आणि माझा राजीनामा

ती. मामांस साष्टांग नमस्कार. (वाकताना कंबर धरली, तरी नमस्कार पुरा समजावा.) तुमचे गुडघे काय म्हणतात? मामींचा राग उतरला का? आम्ही सगळे खुशाल. निदान हे पत्र तुमच्या हाती पडेपर्यंत तरी.

तुम्ही मित्राकडे शब्द टाकून मला नवी नोकरी मिळवून दिलीत. शुक्रवारी राजीनामा खिशात घालूनच ऑफिसात गेलो, तर साहेब म्हणाले, उद्या सगळ्यांनी वृद्धाश्रमात यायचं, कंपनीतर्फे समाजसेवा आहे. सुट्टीचा शनिवार, मामा! आमची कंपनी खुर्च्यांची आणि मी तक्रार विभागात. बारा वर्षं लोकांच्या शिव्या खाऊन पोट भरतोय. समाजाची आणखी कुठली सेवा करायची राहिली होती? पण सगळ्यांना पिवळे टीशर्ट वाटले (माझा पोटावर येऊन अडकला) आणि बसमध्ये कोंबलं.

भेट म्हणून काय न्यावं? गोदामात पडून राहिलेल्या चाकांच्या खुर्च्या! खाली गुळगुळीत फरशी, वर ऐंशीच्या घरातली माणसं. फोटोसाठी एका निवृत्त मास्तरांना बसवलं. ते टेकले मात्र, आणि खुर्ची निघाली. मास्तर पुढे, साहेब मागे, फोटोग्राफर त्याच्याही मागे. शेवटी मास्तर माझ्या पोटावर आदळून थांबले. (या पोटाचा कुणाला उपयोग झाल्याची ही पहिलीच वेळ.) म्हटलं, आली तक्रार! तर मास्तर म्हणतात, "पुन्हा एकदा ढकल रे!"

हसून हसून पुरेवाट झाली. पण घरी आल्यावर जेवण जाईना. आज हसले, उद्या कुणाचं हाड मोडलं तर? रविवारी पाना घेऊन एकटाच गेलो. बघतो तर साहेब आधीच तिथे, फरशीवर मांडी ठोकून, घामाघूम होऊन एका चाकाशी झटापट करतायत. (जन्म खुर्च्या विकण्यात गेला, पण चाक काही निघेना.) आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना "सरका" म्हणालो, आणि ते सरकले. दोघांनी मिळून सगळी चाकं काढली, रबरी बुचं बसवली. साहेबांनी स्वतः मला चहा ओतून दिला. मामा, खरं सांगतो, आता ती कंपनी सोडायची म्हटलं की पोटात तुटतं.

तुमचा भाचा

ता. क. राजीनामा फाडला. तुमच्या मित्राला तेवढं तुम्हीच सांगा. आणि आईलाही. तुम्ही तिचे धाकटे भाऊ, तुम्हाला ती जिवे मारणार नाही.

ता. क. २. यातलं अक्षरही आमच्या साहेबांच्या कानावर जाऊ देऊ नका. कंपनीवर माझा जीव जडलाय हे कळलं, तर यंदाची पगारवाढ गेलीच म्हणून समजा.