अदाचं पहिलं पत्र

हवरामान
१९ मेहर १३८१

खावर गियान,

तू, आझाद आणि मुली सुखात असाल. इकडे आम्ही बरे आहोत. अक्रोड झोडून झाले. हिरवी सालं सोलून माझी बोटं काळी पडलीत, कागदावर डाग दिसले तर रागावू नकोस. अदाचे गुडघे दुखतात, तरी आपली ही आई रोज शेजाऱ्यांच्या गच्चीवर बसून कलाशचे सुती जोडे विणते आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांकडे बघून नावं ठेवते.

पहिल्या ओळीलाच तू अडखळली असशील. अक्षरं ओळखीची, पण भाषा फारसी नव्हे. हे आपलं हवरामी आहे, ताई. सोबत अक्षरांचा तक्ता जोडलाय. डोळ्यांनी वाचू नकोस, मोठ्यानं वाच. कानाला लगेच कळेल.

गेल्या हिवाळ्यात वाचनालयात मामोस्ता सिरवान यांनी हवरामी लिहायला शिकवायचा वर्ग काढला. मी सर्वांत म्हातारी विद्यार्थिनी. आपल्या आजोबांकडची ती जुन्या गोरानी बोलीतल्या कवितांची चोपडी त्यांना नेऊन दाखवली. ते म्हणाले, "यात शब्दांची नुसती हाडं आहेत. स्वर वाचणाऱ्यानं आपल्या तोंडचे घालायचे. ज्याला कविता पाठ, त्यालाच ती वाचता येणार." आताच्या या लिपीत मात्र प्रत्येक स्वराला अक्षर आहे. जिभेवर येता येता विरघळणारा आपला तो मऊ 'द' आहे ना, शाळेत ज्याच्यावरून मास्तर हसायचे? त्यालाही अक्षर आहे, डोक्यावर तीन ठिपके असलेलं. मी पहिला शब्द लिहिला तो 'अदा'. वही बंद केली, पुन्हा उघडली, तरी तो तिथंच होता. चाळीस वर्षं आईला तोंडानं मारत आलेली हाक माझ्यासमोर कागदावर बसली होती. शेजारची फर्मेस्क म्हणाली, "काय गं, पगार झाल्यासारखी बघतेस?"

गेल्या शुक्रवारी अदा म्हणाली, "नश्मिल, कागद घे, खावरला लिहायचंय." नेहमीसारखी बसले, पण या वेळी तिच्या तोंडून निघेल ते तसंच लिहीत गेले. दम लागून ती थांबली, तिथं मीही थांबले. ते पत्र या पाकिटात दुसऱ्या कागदावर आहे. लिहून झाल्यावर सवयीनं ती म्हणाली, "वाच."

मी वाचलं.

तिच्या हातातली सुई थांबली. "पुन्हा वाच." पुन्हा वाचलं. तिनं कागद ओढून घेतला, उलटा धरला, ओळींवरून अंगठा फिरवला. "हे मीच बोलले. असंच बोलले. पुसलं नाही तर असंच राहील?"

"राहील, अदा."

"मी गेल्यावरही?"

"हो."

बराच वेळ ती कागदाकडे बघत होती. चंद्रग्रहण बघावं तशी. मग हळूच म्हणाली, "तू इतकी वर्षं वाचून दाखवायचीस ते असं नसायचं. ते रेडिओवरच्या माणसासारखं असायचं. मला वाटायचं, कागदावर गेलं की माणसाचं बोलणं असंच होत असेल." आणि मग, "मग ती पत्रं कुणाची होती?"

तिचा आवाज चढला नव्हता. कागदाकडे बघतच तिनं विचारलं.

खावर, सोळा वर्षं ती मला सांगत होती आणि मी तुला 'तुमच्या विरहाखेरीज कसलीही चिंता नाही' लिहीत होते. सुरुवातीला खरंच फारसी शब्द सुचायचे नाहीत. नंतर सुचत होते. मी शेजारी बसून तिचे पाय चेपायचे, भाकरी भाजायचे, आणि ती तुझ्या नावानं जे बोलायची तसं माझ्याशी एकदाही बोलली नव्हती. तू आझादबरोबर पळून गेलीस आणि तिचं सगळं गोड बोलणं तुझ्या वाट्याला. मग मी ते गाळायला लागले. शब्द फारसी असल्यामुळे तिला पत्ता लागायचा नाही.

तातांचंही गाळलं. वारायच्या आदल्या वर्षी तुती वेचताना ते म्हणाले होते, "खावरला लिहा, समेटाला मध्यस्थ नकोत, नुसती ये." अदानं ते सांगितलं, आणि मी लिहिलं, "तातांची प्रकृती ठीक आहे." तू अजूनही समजतेस की ते तुझं नाव न घेता गेले. ते खरं नाही. ते खोटं माझं आहे.

हे सगळं मी अदाला सांगितलं. तिनं माझे काळे हात आपल्या ओच्यात घेतले. शेवटी म्हणाली, "आता तुझं लिही. माझ्यासारखंच, जसंच्या तसं."

दुपारी तिनं विचारलं, "येईल का गं?" मी म्हणाले, मला माहीत नाही. एरवी मी काहीतरी बनवून सांगितलं असतं.

ये किंवा येऊ नकोस. पण लिही, आपल्या भाषेत, तक्ता बघत बघत, चुकत. माझ्याबद्दल जे वाटेल ते लिही. ते मीच तिला वाचून दाखवेन, एकही शब्द न गाळता.

नश्मिल