उज्वलाला पाठवलेले शब्द

३ नोव्हेंबर, सकाळी ७.१०
रोजनिशी सुरू. रिटायर होऊन चार महिने झाले, पण वेळ वाया गेलेला नाही. कुठे गेला ते लिहून ठेवलं नव्हतं, एवढंच.
उज्वला भाऊबीजेला माहेरी, घोटीला गेली ती तिथेच आहे. पुंजाचं, म्हणजे तिच्या भावाचं, तांदळाचं दुकान. नवा तांदूळ येतोय, माणसं कमी, म्हणून थांबली. रागाने वगैरे नाही. निघताना म्हणाली, "तुम्हाला माझं ऐकूच येत नाही." मी लगेच कान तपासून घेतले. दोन्ही नॉर्मल. रिपोर्टचा फोटो पाठवला. उत्तर नाही. समाधान झालं असावं.

५ नोव्हेंबर
वरच्या मजल्यावरच्या सुरय्या मॅडम जिन्यात भेटल्या. इंग्लिश मीडियमला शिकवतात. सध्या मुलांना त्याच इंग्रजी अक्षरांचे वेगवेगळे शब्द करायला देतात म्हणाल्या. अक्षरं तीच, जागा बदलायच्या, अर्थ नवा. एकदम पटलं. सातपूरला कारखान्यात एकतीस वर्षं क्वालिटीत काढली. लोकांच्या पार्टमधल्या चुका शोधणाऱ्याला हे काय अवघड?
निश्चय : रोज पाच जोड्या, अर्थासकट. मार्चअखेर सातशे. त्यातली एक रोज उज्वलाला पाठवायची. दहावीनंतर तिचं शिक्षण राहिलं. ते आता मी पूर्ण करणार.

६ नोव्हेंबर
पहिली जोडी पाठवली. लिसन म्हणजे लक्ष देऊन ऐकणे. सायलेंट म्हणजे गप्प. तीच सहा अक्षरं. खाली लिहिलं, 'पाठ कर.' वाचल्याची निळी टिक आली. अभ्यासाला लागली.

११ नोव्हेंबर
स्टडी, म्हणजे अभ्यास. डस्टी, म्हणजे धुळीने भरलेलं. टीपॉयवर बोटाने दोन्ही लिहून बघितले. छान उमटले. बाकी चार जोड्या उद्या.

१९ नोव्हेंबर
उज्वलाचा मेसेज! 'ताप उतरत नाही, आशक्तपणा खूप.' पहिलं अक्षर ऱ्हस्व हवं, अशक्तपणा. दुरुस्त करून परत पाठवलं. सोबत आजची जोडी.
वरण तिसऱ्यांदा लागलं. कुकरमध्ये दोष आहे. इतकी वर्षं उज्वलाच्या लक्षात कसा आला नाही?

२७ नोव्हेंबर
आजपासून रोज दोनच जोड्या. पाच म्हणजे घाई होते.
उज्वलाच्या नावाच्या इंग्रजी अक्षरांतून काय निघतं ते दोन तास बघितलं. लॉ, म्हणजे कायदा. जॉ, म्हणजे जबडा. पाठवलं नाही.

७ डिसेंबर, रविवार
सोसायटीच्या हॉलमध्ये माझा मोफत वर्ग. चाळीस खुर्च्या मांडल्या. आल्या सुरय्या मॅडम आणि हॉल झाडणाऱ्या तानुबाई. तानुबाईंना कुलूप लावायचं होतं, पण शेवटपर्यंत बसल्या, म्हणजे गोडी लागली. फळ्यावर लिहिलं : मॅरिड, म्हणजे विवाहित. अ‍ॅडमायरर, म्हणजे कौतुक करणारा. अक्षरं तीच.
तानुबाईंनी हात वर केला. म्हटलं, विचारा. "सायेब, बाई कवा येनार?"
पुढच्या आठवड्यात, म्हणून सांगितलं. उज्वलाला विचारायचं राहिलंय, पण येणारच.
खुर्च्या उचलायला सुरय्या मॅडमनी मदत केली. एक शब्द बोलल्या नाहीत. वर्गाचा परिणाम.

१८ डिसेंबर
घोटीला फोन लावला. पुंजाने उचलला. "ताई गिऱ्हाईक बघतीये, दाजी. नंतर करा." मागे कोणीतरी मोठ्याने हसत होतं. ती उज्वला होती हे कळायला वेळ लागला. लाइन खराब असावी.

९ जानेवारी
रविवारी उज्वला येतेय! पुंजाचा मेसेज. घर झाडलं. नवीन कुकर आणला. जोड्या एकूण त्रेसष्ट झाल्यात. सगळ्या कार्डांवर लिहून स्वयंपाकघरात चिकटवल्या. चहा होईपर्यंत मी विचारेन, ती अर्थ सांगेल.

११ जानेवारी, संध्याकाळ
साडेदहाला आली. पुंजाचा पिकअप खाली उभा. चष्मा नवीन, तब्येत उतरलेली. कार्डं बघितली. आत जाऊन कपाट उघडलं. साड्या, स्वेटर, आईचा फोटो. मग म्हणाली शिलाई मशीन पण नेते. दुकानाच्या वर दोन खोल्या रिकाम्या आहेत, तिथे राहणार. दुकानाचं काम आवडतं, लोक बोलायला येतात.
मी म्हटलं, "तुला रोज शब्द पाठवत होतो."
"आले. सगळे वाचले."
"मग?"
"इतके शब्द पाठवले. कशी आहेस, एवढं एकदा नाही विचारलं. पंधरा दिवस तापाने पडून होते मी."
सांगायचं होतंस, म्हटलं.
"लिहिलं होतं. तुम्ही चूक काढून परत पाठवलंत."
तिचा आवाज चढला नाही. मशीनची एक बाजू मी धरली, एक पुंजाने. तीन मजले. मधल्या जिन्यात ती म्हणाली, "हळू, कंबर सांभाळा." पिकअप गेल्यावर गेटपाशी बराच वेळ उभा होतो. वॉचमनने विचारलं, काही हरवलं का. नाही म्हटलं.

१२ जानेवारी, सकाळी १०
'कशी आहेस?' पाठवलं. आज जोडी नाही.

११.२०
उत्तर आलं. 'बरी आहे. तुम्ही कसे आहात?'

दुपारी ४
'मजेत' लिहिलं. खोडलं. 'कामात आहे' लिहिलं. खोडलं.

५.४५
ती दोनदा ऑनलाइन येऊन गेली. मी अजून उत्तर दिलेलं नाही.