बदकाची शिट्टी आणि तुझ्या सोन्याची मूठ

तीर्थस्वरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार लिहिते आहे, घालणार मात्र नाही. संतापाने मान आखडली आहे. तुझे गुडघे कसे आहेत? काकांना झोप लागते का? आमच्याकडे ठीक, फक्त माझ्या धाकट्या लेकीचा खोकला हटत नाही. (त्याबद्दल शेवटी.) तर तुझा सोन्या, ज्याला जग मुलांच्या छातीचा मोठा सर्जन म्हणतं, त्याला मी काल भर ऑपरेशन थिएटरमध्ये गाढव म्हटलं. तो तुला फोन करून गळा काढायच्या आत माझी बाजू ऐक.

एका पोराने रबरी बदकाच्या पोटातली शिट्टी तोंडात घातली आणि ती श्वासनलिकेतून थेट उजव्या फुफ्फुसाच्या वाटेत जाऊन बसली. पोराने श्वास सोडला की आत बदक ओरडायचं. (आई घाबरून अर्धी झालेली, आणि बाप मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करत होता. असो.) भूल देणारी मी. एरवीच्या ऑपरेशनात पेशंटचा श्वास माझ्या ताब्यात असतो आणि सर्जन दूर कुठेतरी पोटाशी वगैरे झटापट करतो. इथे मात्र पेन्सिलीएवढी एकच नळी, तिच्यातून याची दुर्बीण जाणार, याचा चिमटा जाणार आणि उरल्यासुरल्या फटीतून माझा ऑक्सिजन. एका न्हाणीघरात दोन बिऱ्हाडं! म्हणून आम्ही आधीच ठरवून ठेवतो की मी सांगितलं की त्याने वाद न घालता थांबायचं. ठरवताना हा फार छान मान डोलावतो.

शिट्टी चिमट्यात आली. वर ओढताना अरुंद जागी अडकली आणि बदक गप्प झालं. सोन्या खूश, म्हणे आवाज थांबला! अरे मूर्खा, आवाज थांबला कारण हवाच थांबली! ऑक्सिजन मोजणाऱ्या मॉनिटरचा सूर खाली खाली जायला लागला, पोराचे ओठ निळे, आणि हा म्हणतोय, "एकच मिनिट, आलीच आहे." मी कानीकपाळी ओरडतेय की ती परत खाली ढकल, एका बाजूला जाऊन बसू दे, दुसऱ्या फुफ्फुसाला तरी हवा मिळेल. तर साहेबांना अपमान वाटला. हातात आलेलं परत द्यायचं म्हणजे काय! तेव्हा मी गाढव म्हटलं, आणि इतक्या मोठ्याने की बाहेरचा वॉर्डबॉय धावत आत आला. (त्याला आपल्यालाच हाक मारली असं का वाटलं, त्याचं तो जाणे.) ढकलली बाई एकदाची. बदक पुन्हा ओरडलं आणि मावशी, मी मास्कच्या आत ढसाढसा रडले. पोर गुलाबी झालं, दुसऱ्या खेपेला शिट्टी सुखरूप बाहेर आली. ती वाटीत घालून बाहेर मिरवली मात्र यानेच. पोराच्या आजीने याचे हात डोळ्यांना लावले आणि मला विचारलं, "तुम्ही झोपेचं इंजेक्शन देऊन घरी जाता ना?"

आता तुझ्याकडे वळते. लहानपणी याचा हात गोळ्यांच्या बरणीत अडकला होता, आठवतंय? मूठ उघडली असती तर सहज निघाला असता. पण लाडोबा मूठ उघडेना, म्हणून तू बरणी फोडलीस, वर मीच ती त्याच्यापुढे ठेवली म्हणून मला धपाटा घातलास. मावशी, बरणी फोडता येते. पोराचा गळा कसा फोडू?

लोभ आहेच, सध्या राग त्याच्यावर चढून बसला आहे.

तुझी भाची

ता. क. धाकटीच्या एक्स-रेत छातीत डाव्या बाजूला काहीतरी अडकलेलं दिसतंय. मंगळवारी दुर्बीण घालायची आहे. ती सोन्यानेच घालावी; इतका हलका हात मी दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही. (हे त्याला कळता कामा नये.) आमचं बोलणं बंद आहे, म्हणून तू सांग. भूल माझी मैत्रीण देईल. स्वतःच्या पोरीला मी देऊ शकत नाही. ती 'सोड' म्हणाली की याने मूठ सोडायची, एवढं स्वतःची शपथ घालून त्याच्याकडून वदवून घे.

आणि तू ये. मला बाहेरच्या बाकावर बसवणार आहेत. मी दार ढकलून आत घुसायला लागले तर माझा हात घट्ट धर. मी 'सोड' म्हणून ओरडेन, तुलाही काहीबाही बोलेन. सोडू नकोस.