हत्तीची सासू

१७ नोव्हेंबर

पाच टोकांचं लाल पान हवं! उद्या! पहिलीच्या अख्ख्या वर्गाला!

भिंतीवर ‘पानगळ’ करायची आहे म्हणे. पद्मजा टीचरनी मोबाईलवर चित्र पाठवलं — कुठल्या मुलखातलं झाड देव जाणे, पंजा उघडल्यासारखं पान. आमच्या दारात आंबा, फणस, शेवगा. यातलं कुणीच लाल होऊन गळायला तयार नाही. नात रडवेली झाली. शेवटी फणसाच्या पानाला कात्रीने पाच टोकं काढली आणि वर पिंजर फासली. फणसाची काही तक्रार नव्हती.

हे मी कुणाला सांगते? माझ्या मुलाने, आदेशने, त्याचा जुना फोन दिलाय. सूनबाईने शिकवलं — “आई, हा माइक दाबायचा न् बोलायचं. अक्षरं आपोआप पडतात. तारीखपण.” पडत असतील. फोन काय लिहितो ते फोनला ठाऊक. मला कुठे वाचता येतंय! जन्मात शाळेची पायरी चढले नाही. पण सोय चांगली आहे — मी बोलायचं, त्याने मुकाट ऐकायचं, उलट उत्तर नाही. असा नवरा मिळाला असता तर!

१८ नोव्हेंबर

“किती सुंदर!” टीचर म्हणाल्या. पान भिंतीवर लागलं. फणस पहिली पास.

२९ नोव्हेंबर

शनिवार. शनिवारी वर्गातल्या वाचनपेटीतून एक पुस्तक घरी येतं आणि घरच्यांनी ते वाचून दाखवायचं. घरचे कोण? आदेश नागोठण्याला कंपनीत, कधी ही शिफ्ट, कधी ती. पिंकी — सूनबाई — हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला. ती दिवसभर देवांना पितांबर नेसवते आणि सात वाजता घरी येऊन आम्हाला भाकरी घालते. म्हणजे पुस्तकाला उरले मी.

जूनमध्ये टीचरनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, “अपेक्षा, घरी वाचून कोण दाखवेल?” ही कार्टी ओरडली — “माझी आजी!” सगळ्या आया वळून बघायला लागल्या. मी मान हलवली. मान हलवायला अक्षरं लागत नाहीत.

तेव्हापासून वाचते. चित्र बघायचं आणि सुटायचं! आजच्या पुस्तकात एक हत्ती, मग तळं, मग एक जाडी हत्तीण. मी वाचलं — हत्तीची सासू रोह्याला लग्नाला निघाली, एसटीच्या दारात अडकली, कंडक्टर म्हणाला, “मावशी, अर्ध्या उतरा.” अपू हसून लोळली. पाच वेळा वाचायला लावलं.

लिहिणाऱ्याने एवढं कुठे लिहिलं असेल!

१० डिसेंबर

हिवाळा आला. म्हणजे बर्फाचा माणूस करायचा! कापसाचा! पेणमध्ये!

अपूने विचारलं, “आजी, बर्फ कुठे पडतो गो?” म्हटलं, “फ्रीजमध्ये. दार नीट लावलं नाय की खाली पण पडतो.” जुनी उशी फाडून कापूस दिला. टीचरनी सांगितलं होतं, नाकाला गाजर, गळ्यात लोकरीचा पट्टा. अपूने त्याच्या डोक्याला मुंडासं बांधलं आणि हातात विळा दिला. टीचरनी विचारलं, हे काय? तर म्हणे, “त्याला भात कापायला जायचंय.”

पोरगी माझीच.

१२ जानेवारी

टीचरनी बोलावलं. मला वाटलं, बर्फ वितळला.

“आजी, अपेक्षा हुशार आहे. सुटी अक्षरं ओळखते. पण पुस्तक हातात दिलं की खाली बघतच नाही.”

“म्हणजे?”

“पानावर लिहिलंय ‘हत्ती मोठा आहे’. ही वाचते — हत्तीची सासू एसटीत अडकली. प्रत्येक पुस्तकाचं असंच. चित्र बघते आणि मनाने बोलते. बाकीची मुलं वाक्यं वाचायला लागली आजी. असंच राहिलं तर दुसरीत फार मागे पडेल. घरी वाचून कोण घेतं?”

“मी.”

“मग शब्दावर बोट ठेवून घ्या ना.”

घेते म्हटलं. घेऊ कुठून!

जित्याला, आमच्या गावाला, येईपर्यंत रिक्षात बाहेरच बघत बसले. अपूने विचारलं, “आजी, पोटात दुखतंय?” व्हय म्हटलं. मी इतके दिवस समजत होते की पोरीला गोष्टी देतेय. तिने माझ्याकडून वाचन उचललं. बरोब्बर उचललं — जसं मला येतं तसं.

१३ जानेवारी

बोट ठेवलं. ओळीवरून बोट सरकवलं आणि सासूला पुढे नेलं. ओळ संपली तरी सासू नागोठण्याच्या पुलावरच! अपू म्हणाली, “आजी, शब्द संपले गो.” मी बोट तिथेच उभं करून सासूला पटकन रोह्याला पोचवली.

नाही. हे चालायचं नाही.

१८ जानेवारी

रविवार. मागच्या परसात शेंगा भाजायची पोपटी लावली. वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, उपडं मडकं, भोवती जाळ. ‘माझा आवडता ऋतू’ असं चित्र काढायचंय म्हणून अपू समोर वही घेऊन बसली. तिचा जाळ मडक्यापेक्षा मोठा.

पिंकी हळूच म्हणाली, “आई, पोरीला सांगून टाका. कमीपणा कसला? मी घेईन वाचून.”

“काय सांगू? आजी आठ महिने थापा मारत होती?”

“गोष्टी सांगत होती म्हणा.”

सूनबाई शहाणी आहे. म्हणूनच तिचं ऐकायला जड जातं. सहा वर्षांच्या पोरीला जगात एकच गोष्ट पक्की ठाऊक आहे — माझ्या आजीला सगळं वाचता येतं. वर्गात सांगत फिरते. ते मी माझ्या तोंडाने पुसू?

त्यापेक्षा डोळे घालवते.

१९ जानेवारी

घालवले. “अपू, मला अंधुक दिसतंय गो. अक्षरं पोहतात. आता तूच वाच, मी ऐकते.” पिंकी पुस्तक आधी चाळून ठेवणार, चुलीपुढून ऐकणार आणि चुकलं की ओरडणार, असं ठरलं. दोन ओळींना भाकऱ्या थापून झाल्या. पण अपू खाली बघून वाचत होती. शब्दावर बोट!

२ फेब्रुवारी

आदेशला काय गरज होती? मला उचलून पेणला डोळ्यांच्या तपासणीला नेलं! डॉक्टर म्हणाला, “समोरची अक्षरं वाचा.” म्हटलं, “अक्षरंच तेवढी दिसत नाहीत.” “आणि खिडकीबाहेर?” “तारेवर साळुंकी. एक पाय वर धरलाय.” डॉक्टर आदेशकडे बघून हसला. आदेश माझ्याकडे. वर नातीला बरं वाटावं म्हणून साध्या काचेचा, काळ्या काड्यांचा चष्मा घेऊन दिला बाजारातून.

चष्मा तांदळाच्या डब्यात हरवला. तिसऱ्या दिवशी अपूने शोधून काढला.

१४ फेब्रुवारी

आता ती काहीही वाचते. मिठाची पिशवी. गॅसवाल्याची पावती. स्टॅण्डवर उभं राहून मोठ्याने — “पे-ण रो-हा!” कंडक्टर म्हणाला, “बस आत, तिकीट पण तूच फाड.” माझ्या गोळ्यांच्या पाकिटावर इंग्रजी निघालं तर त्याच्यावर रुसली.

मी आता रोज विचारते, “बरोबर वाचलंस ना?” ती म्हणते, “तू बघ ना.” मी म्हणते, “चष्मा कुठाय?”

२० फेब्रुवारी

मेले! सत्तावीस तारखेला मराठी भाषा दिन. आजी-आजोबांनी वर्गात येऊन मुलांना पुस्तक वाचून दाखवायचं. माझं नाव सगळ्यांत आधी दिलं गेलंय. कुणी दिलं हे सांगायला नको.

२७ फेब्रुवारी

भिंतीवर आता वसंत. कागदाची गुलाबी फुलं, एकाही झाडाला न येणारी. मी चष्मा मुद्दाम घरी ठेवून गेले.

आधी वर्गातल्या ईराचे आजोबा, रघुनाथराव, निवृत्त हेडमास्तर. असे स्पष्ट वाचले, असे स्पष्ट वाचले की तीन पोरं झोपली. मग मी. “अगबाई, चष्मा राहिला!” म्हणते तोच अपूने दप्तरातून काढून पुढे केला — “तू विसरलेलीस, मी आणला!”

नाकावर चष्मा. हातात हत्ती. समोर तीस तोंडं, मागे टीचर. काळ्या मुंग्यांची एक ओळ पानावर बसलेली, आणि त्यातली एकही मुंगी ओळखीची नाही.

अपू उठून माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. “टीचर, मी आणि आजी मिळून वाचतो.” शब्दाखाली बोट ठेवलं. “हत्ती मोठा आहे.” मग माझ्याकडे बघून — “आता तू, आजी.”

मी सासूला एसटीत चढवली. ती वाचायची, “हत्ती पाणी पितो.” मी म्हणायचे, पितो कसला, सासूच्या डोक्यावर ओततो, साबण लावून दारातून सुटते का बघायला! झोपलेली तिन्ही पोरं उठली. हेडमास्तरांनी रुमाल तोंडाला लावला. टीचर डोळे पुसत होत्या, आणि मला म्हणाल्या, “आजी, अपेक्षाने एकही शब्द चुकवला नाही.”

सुटले! पोरगी वाचते, आणि कुणाला पत्ता नाही!

२ मार्च

होळीची पोळी लाटून आत आले, तर अपू हा फोन घेऊन बसलेली. काचेवर बोट. मोठ्याने वाचत होती — “पाच टो-कांचं लाल पान ह-वं.” मी दारातच थांबले. फणस झाला, पिंजर झाली, आदेश झाला, माइक झाला. एकेक शब्द मी बोललेला, तस्साच. “फोन काय लि-हितो ते फोनला ठा-ऊक.” पुढे काय येतं ते मला पाठ आहे — मला कुठे वाचता येतंय!

ती थांबली. ओठ हलवून ओळ मनात वाचली. मग मला बघितलं. बोट त्याच ओळीवर ठेवलं आणि न अडखळता वाचलं, “मला सगळं वाचता येतं.”

हे मी कधीच बोलले नव्हते.

म्हटलं, “शाबास गो. बरोबर वाचलंस.”