चादरीचं दुसरं टोक

रविवार, ९ जुलै

प्रिय आक्का,

मनापासून नमस्कार. वाकून करत नाही, कारण आता गुडघे माझेही बोलतात. तुमचे कसे आहेत?

इकडे सगळं ठीक. दवाखान्याच्या लाँड्रीला नवा रंग लागला, तुमच्या काळात कधी न उघडलेल्या खिडक्या उघडायला लागल्या आणि चादरींच्या घड्याही आता मशीन घालतं. इकडून चादर आत, तिकडून घडी बाहेर. तुमच्या जागेवर मला नेमलंय, हे कानावर आलंच असेल. सगळे म्हणतात, चांगलं झालं. मीही म्हणते.

मशीन झकास आहे, पण त्याने एक गोष्ट नेली. तुम्ही रोज सकाळी प्रत्येकीबरोबर एक चादर घडी करायचात. नवीन असताना मला वाटायचं, ही तपासणी. दोघींनी टोकं धरून ताणायची, मग जवळ यायचं, आणि टोकं तुमच्या हातात देताना तुम्ही हळूच काहीतरी बोलायचात. "लेकीचा ताप उतरला का गं?" किंवा, "काल तू लावलेला गठ्ठा सिस्टरने मुद्दाम दाखवला मला." बस, एवढंच. भाषण तर तुम्हाला कधी जमलं नाही. आधीच्या साहेबांच्या निरोप समारंभात "बरं, या मग" म्हणून खाली बसलात, आठवतं? पण त्या एका वाक्यावर आमचा दिवस निघायचा. माझा नवरा गेला त्या वर्षी मी कामावर यायचे ती फक्त त्या चादरीसाठी. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

आता खरं लिहिते. ठीक काही नव्हतं. ही जागा सोडायचं मी ठरवलं होतं, अर्जही लिहून ठेवला होता.

वर्षभर माझ्या तोंडून "डाग राहिलाय" आणि "गाडी आली, हात चालवा" याशिवाय काही निघालं नाही. मी आत आले की बायका गप्प. आपली रेडिओसुद्धा! मशीनच्या खडखडाटातही जिचं तोंड बंद व्हायचं नाही, ती. माझ्याबरोबरच कामाला लागलेली, माझ्या डब्यात जेवणारी. मागच्या महिन्यात अर्ज घेऊन आली. म्हणाली, "बाई, माझी बदली स्वयंपाकघरात करा. इथे आता कुणी कुणाला ओळखत नाही."

मला बाई म्हणाली, आक्का. त्या दिवशी डबा तसाच घरी परत नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीनमध्ये जाणारी चादर ओढून घेतली आणि एक टोक तिच्यापुढे धरलं.

"मशीन बिघडलं का?"

"नाही. धर."

तिने धरलं. ताणली, जवळ आलो, आणि ऐन वेळी माझी बोबडी वळली. कसंबसं म्हटलं, "तू गप्प असलीस की मला इथे करमत नाही गं."

तिने टोकं माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "एवढं बोलायला वर्ष लावलंस होय, भवाने?"

मी सगळ्यांदेखत रडले. मग तिचं तोंड जे सुरू झालं ते सुटी होईपर्यंत. डोकं उठवलं तिने. जाताना अर्ज परत घेऊन गेली. माझा मी दिलाच नाही.

आता रोज सकाळी मी एकेकीसमोर उभी राहते. साहेब म्हणतात, मशीन असताना हा काय खुळेपणा? म्हणू देत.

एक विचारायचं आहे. चादर हातात घेतली की माझे हात गार पडतात. बोलणं खोटं वाटलं तर? कुणी तोंड फिरवलं तर? आणि मग आठवलं, तुमचेही हात असेच गार असायचे. आम्ही पाठीमागे हसायचो, आक्कांच्या अंगात रक्तच नाही म्हणून. चादरी तर इस्त्रीतून कढत निघायच्या. तुम्हालाही रोज भीती वाटायची का हो? आणि तुम्हाला कोण विचारायचं?

आमच्यापैकी कुणीच नाही विचारलं. म्हणून आज मी विचारते. लिहायचा कंटाळा आला तर नुसतं 'हो' लिहून पाठवा, मला पुरेल.

तुमच्या बाजूचं टोक आता धरणारी,
तुमचीच