दूध मी मुद्दाम करपवलं

बुधवार, तारीख चौदा, सकाळचे साडेदहा

चि. भिंगरी हिला आजीचे आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण जागेवर आहेत. यापुढे ‘तूही बरी असशील’ असं लिहायचं असतं, ते मी लिहिणार नाही. तिसरीपर्यंतची शाळा माझी, अक्षर लागलं नाही तर पुन्हा वाच.

दहा पावलांवर राहून पत्र कसलं, म्हणशील. कानात ती बोंडं घालून तू कंपनीच्या लोकांशी बोलत असतेस. बोंडं काढलीस की चित्रांवर ते रेझिन, काचेसारखं घट्ट होणारं रसायन, ओतत असतेस. मी तोंड उघडलं की "आजी, नंतर." कागदाला नंतर म्हणून बघ.

आधी खिडकीचं. शनिवारी तुझ्या मोठ्या निळ्या चित्रावर धूळ बसली, प्रदर्शनाला द्यायचं होतं ते. वाऱ्यानं उघडली असेल, असं मी म्हटलं. वाऱ्याला कडी काढता येत नाही. मी काढली. तू रडत होतीस आणि मी भाजी निवडत बसले.

चित्रात काय आहे विचारलं तर म्हणतेस, "काही नाही गं, ज्याला जे दिसेल ते." मला सांडलेलं दिसलं, तसं बोललेही. पण माझ्या खाटेसमोरचं ते हिरवं मी रोज बघते. विहिरीत वाकून बघितल्यासारखं वाटतं. तेव्हा चित्रांवर माझा राग नाही, हे आधी समजून घे.

मनगटावर लाल चट्टे आलेत तुझ्या. साबण बाधला म्हणालीस. घरात साबण एकच आहे, माझे हात बघ. दोन जिने चढून येतेस आणि बोलायच्या आधी भिंतीला टेकतेस. नाकातोंडाला लावायचा तो मास्क खिळ्याला टांगलाय, त्यावर बोटभर धूळ. चित्रावर चालत नाही, त्यावर चालते! आणि वर मलाच सांगतेस, "अगं, वासच नाही रेझिनला." मला तर दारातच घसा धरतो.

तुझं कंपनीतलं काम तू एकदा समजावलं होतंस. मुद्दाम चुकीचं काहीतरी द्यायचं आणि संगणकाला कळतं का बघायचं. कळलं नाही तर आत बिघाड आहे. मी तुझ्यावर तेच केलं. सोमवारी दूध मुद्दाम करपवलं. तू ओट्याशी हातभर अंतरावर पाणी पीत उभी. शेजारीण दार वाजवून विचारून गेली, काय जळतंय. तू मला विचारलंस, "ही कशाला आली होती?"

काल दुपारी फिनेलचं फडकं तुझ्या उशीच्या खोळीत घातलं. त्यावर डोकं टेकून अर्धा तास पडलीस.

तू उठलीस तशी मी ती खोळ धुवायला टाकली.

तुझे आजोबा अचानक गेले, असं तुला सांगत आले. खोटं आहे. अचानक काही नव्हतं. फर्निचरच्या कारखान्यात ते पॉलिशच्या खोलीत काम करायचे, खिडक्या बंद, धूळ नको म्हणून. आधी त्यांना वास यायचा बंद झाला. विटलेली भाजी मागून घेऊन खाल्ली. मी हसले. चार बायकांत सांगितलं, आमच्या घरी काहीही शिजवा, खपतं. मग खोकला आला, मग धाप. वर्षभर मला कळत होतं. काम सुटेल म्हणून गप्प राहिले. माझं तोंड आजवर कुणाला बंद करता आलं नाही, तेव्हा मात्र मीच केलं.

तुला तेच झालंय, असं मी म्हणत नाही. मी डॉक्टर नाही. म्हणून डॉक्टरची वेळ घेतली आहे, आज चारची. तुझी मीटिंग असेल, असू दे. चित्रं सोड असंही म्हणत नाही. खिडकी उघडी ठेव, मास्क लाव. धूळ येईल तर मी चादर धरून उभी राहीन.

मी भ्याले आहे. हा शब्द लिहायची वेळ कधी आली नव्हती, चुकला असेल तर सुधारून घे.

तुझ्या खोलीच्या दाराखालच्या फटीला धूळ नको म्हणून तू लावलेली चिकटपट्टी मी सोडवली आहे, पत्र सरकवायला. ती परत लावणार नाही.

चपला घालून दाराबाहेर बसलेली,
आजी